न चाखलेला रस्सा

२ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. आमचा मुख्य आचारी, म्हणजे वस्ताद, आज भर स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणाला, "जो चाखत नाही, तो आचारी कसला?"

या हॉटेलात मटणाचा रस्सा इतकी वर्षं मीच करतोय. एक ताट परत आलेलं नाही. करतो ते पोटासाठी, मटण तोंडात घालत नाही — एवढं एकच सांभाळलंय या परक्या मुलुखात. शेजारच्या शेगडीवरचा दाढीवाला माझ्यासाठी चमचाभर चाखायचा, मान हलवायचा, काम चालायचं. आता वस्तादाचा नवा नियम — ज्याचं पातेलं, त्यानंच चाखायचं.

अरे, नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखतं का? आई सगळं न चाखताच करायची. मीठ बोटांना कळतं, बाकीचं नाकाला. तिच्याजवळच शिकलो मी. हे वस्तादाला सांगितलं तर म्हणतो, "तुझा देव इथं जेवायला येत नाही." हसले सगळे. मेल्यांनो!

४ फेब्रुवारी
शनिवारी मालक येणार. माझ्या हातचं खाऊन बघणार आणि मला कायम करायचं की नाही ते ठरवणार. कायम झालो तरच बायकोला इकडे आणता येईल. नाहीतर आहेच, ती तिकडे, मी इकडे.

वस्तादानं बजावलंय — मालकासमोर चमचा तोंडात गेला पाहिजे, नाहीतर विसर.

५ फेब्रुवारी
दाढीवाला समजावत होता. "घे आणि थुंकून टाक. कोण बघतंय?" मी बघतोय ना! उगाच खेकसलो त्याच्यावर. तो एकटाच तर माझ्या बाजूचा आहे.

दुपारी कळलं, मी जी भाजी खात होतो तीसुद्धा चरबीत परतलेली. ताट तसंच सरकवलं. रात्री पाव आणि उकडलेले बटाटे. पुन्हा! फोनवर बायकोपाशी सगळी भडास काढली — इथं माणसानं खायचं काय, गवत? ती नेहमीसारखी ऐकत राहिली. "बरं, बरं," म्हणाली.

७ फेब्रुवारी
कुणाशी बोललो नाही. कांदे चिरले.

८ फेब्रुवारी
झालं एकदाचं. मालक पातेल्याशी येऊन उभा राहिला. वस्तादानं चमचा माझ्या हातात कोंबला. रस्सा फक्कड झाला होता, वासावरूनच कळत होतं. डोळ्यांपुढे बायको आली. हात उचललासुद्धा. नाही जमलं. चमचा खाली ठेवला, म्हणालो, "तुम्हीच चाखा. चुकलं असेल तर आत्ता निघतो."

मालकानं चाखलं. आणखी घेतलं. म्हणाला, "छान आहे. पण नियम सगळ्यांना सारखा."

माझ्या जागी कायम दाढीवाल्याला केलं. करा! घाला तुमचा नियम चुलीत. मी कुणाच्या बापापुढे वाकलो नाही. उद्या बायकोला सांगतो. वाईट वाटेल तिला, पण अभिमानही वाटेल.

९ फेब्रुवारी
सांगितलं. ती म्हणाली, "दोन महिने झाले, मैत्रिणीकडे जाऊन रोज एक अंडं खातेय मी. तिथं खायला काही मिळत नाही म्हणता ना, म्हणून म्हटलं, यायच्या आधी सवय करावी. सुरुवातीला उलट्या व्हायच्या. आता जातं."