सारजाबाईचे महिने कोणी वाटू नयेत

मी मुंजाजी वल्द गहिनीनाथ, धंदा नालबंदी, राहणार युसूफ वडगाव, तालुका मोमिनाबाद, जिल्हा बीड. साठी उलटली तरी बुद्धी नाठी झालेली नाही. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. राजीखुशीने हे मृत्युपत्र मोहनराव कुलकर्णी यांच्याकडून लिहवून ठेवतो.

कारण असे. मागल्या बाजारी मी खोकून खोकून पडलो होतो. मला झोप लागली समजून माझे मुलगे सिदू व रामकिसन ओसरीवर बोलत होते.

"बापाच्या मागं आईचं कसं?"

"कसं म्हंजे? सा म्हयने तू, सा म्हयने मी."

मला माझी आई आठवली. मोठ्या लढाईत मी घोड्यांना नाल ठोकायला रिसाल्याबरोबर समुद्रापार होतो तेव्हा माझ्या दोघा भावांनी आमच्या आईचे असेच महिने वाटले होते. मग अधिक महिना आला. "हा वाटणीत न्हाई," असे दोघेही म्हणाले. आई गाठोडे घेऊन मारुतीच्या पारावर बसली. तो महिनाभर शेजारच्या छबुबाईने तिला जेवू घातले.

कलम १. छबुबाईस माझा तांब्याचा मोठा हंडा द्यावा. दोघा भावांपैकी आता थोरला लिंबाजी उरला आहे, त्यास दरसाल एक पंचांग द्यावे, म्हणजे अधिक महिना कधी येतो ते त्याला आधी कळेल. दुसरे काही देऊ नये.

कलम २. ऐरण, घण, सांडशी व खूर तासायची हत्यारे सिदूस. रामकिसन घोड्याला भितो, त्यास बैलजोडी व पांदीकडचे शेत.

कलम ३. राहते घर माझी बायको सारजाबाई हिचे, ती जिवंत आहे तोवर. मुलांनी तिच्या घरात राहायचे आहे, तिने त्यांच्या नव्हे.

हे मी कुठे शिकलो तेही लिहावे. फ्रान्स मुलखात आम्ही उतरलो त्या खेड्यात ऐंशीच्या पुढची एक म्हातारी होती. मुलाला शेत देताना तिने वकिलापुढे लिहून घेतले होते, असे दुभाष्याने सांगितले: रोजचे दूध, हिवाळ्याची लाकडे, शेगडीजवळची खुर्ची. आईचे दूध कागदावर! मला आधी हसू आले. पण ती म्हातारी सुनेशी मोठ्याने बोलायची आणि गाणे म्हणत कोंबड्यांना दाणे टाकायची. मी नाल हातात धरून बघतच राहिलो.

पुढे शाम देशात, अरबांच्या मुलखात गेलो. तिथे कागद कसला? पण तिथल्या उंटवाल्यांत एक आंधळा म्हातारा होता, तो तंबूत आला की बोलणारे गप्प होत. कहव्याचा, म्हणजे बिनदुधाच्या काफीचा, पहिला पेला त्याचा. उंट विकायचा तर त्याला विचारून. देवाने एवढी थोरली पृथ्वी केली, आणि तीत म्हातारपण सुखाचे करायच्या तऱ्हा तरी किती केल्या! मी घोड्यांच्या खुरांकडे बघायला गेलेला माणूस, एवढे बघून आलो. आमच्या घरात तो पेलाही नाही आणि कागदही नाही. निदान कागद मी करतो.

कलम ४. इथवर वाचून झाल्यावर सारजाबाईस विचारले, आणखी काय लिहायचे? ती दाराआडून म्हणाली, "हे समदं तुमी गेल्यावरचं हाय. तवर काय? जलमभर भाकरी थापल्या, पर तव्यावरची ऊन भाकर मला कदी गावली न्हाई. समद्यांचं व्हईस्तवर माजी गार."

मोहनराव म्हणाले, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते, कायदा आहे. मी म्हणालो, "तुमी लिवा."

तरी तव्यावरची पहिली भाकर सारजाबाईची. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजच लागू आहे.

सह्या होण्याआधी धाकटी सून वत्सलाबाई हिने भाकर करून आणली. सारजाबाई दोन्ही मुलांसमोर बसली, घास मोडला आणि बोट भाजले म्हणून त्यावर फुंकर मारली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला घासावर फुंकर मारताना कधी पाहिले नव्हते. साक्षीदारांनीही हे डोळ्यांनी पाहिले आहे.

मुकाम युसूफ वडगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५१, फसली सन १३३९.

मुंजाजी वल्द गहिनीनाथ, निशाणी नाल
साक्ष: जलालुद्दीन वल्द इसाक, पिंजारी, सही
साक्ष: रंगनाथ वल्द बापूजी, सुतार, निशाणी वाकस
बकलम मोहनराव कुलकर्णी