इयत्ता दुसरी, गोगलगायी अकरा

ती. अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? मी ठणठणीत आहे, आणि का ते सांगायलाच कागद घेतलाय. (अक्षर सांभाळून घे.)

टीव्हीवर रोज पाचला मुलांचा एक कार्यक्रम लागतो. त्यातली ताई नवनवे छंद दाखवते, पानं जमवा, पाखरं ओळखा, आणि शेवटी म्हणते, आता टीव्ही बंद करा आणि बाहेर पडा. आमची नात टीव्ही बंद करत नाही, चॅनल बदलते. मला मात्र इतक्या गोड शब्दांत बाहेर जा असं कुणी म्हटलंच नव्हतं (सूनबाई म्हणते, पण ते फरशी पुसताना), म्हणून मीच निघाले. मागच्या नळापाशी ओल्या भिंतीवर गोगलगायी सापडल्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर नखांच्या रंगाचे एक, दोन, तीन असे ठिपके दिले (रंग सुनेचा, तिला अजून माहीत नाही) आणि कोण किती वीत चालली ते रोज वहीत मांडलं, चित्रांसकट. अकरा जणी आहेत. दोन ठिपकेवाली अगदी तुझ्यासारखी, निघते सगळ्यांच्या आधी, पोचते शेवटी. एक पठ्ठी मुलाच्या डब्याच्या पिशवीतून कचेरीत गेली आणि साहेबांच्या फायलीवर सापडली. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी वहीत लिहिलं, पाच मैल.

तर त्या कार्यक्रमानं मुलांच्या छंदांची स्पर्धा ठेवली होती, तिला मी ती वही पाठवली. फॉर्मवर नाव, छंद आणि इयत्ता विचारली होती. वय विचारलंच नव्हतं, तुझी शपथ. मी खरं तेच लिहिलं, दुसरी. त्यापुढे मला कुणी शाळेत पाठवलं होतं का, तूच सांग. आणि परवा उत्तर आलं, की एवढ्याशा वयात केवढी ही चिकाटी, अक्षरही किती निरागस, पुढच्या गुरुवारी या, बिल्ला देऊ, टीव्हीवर दाखवू. घरात नुसता गोंधळ. मुलगा म्हणे, आई माझी लाज काढणार. सूनबाई हसून हसून पलंगावर आडवी. नात तर माझ्या जागी जायला तयार झाली (गोगलगाय दिसली की किंचाळते, आणि म्हणे छंद). बिल्ल्यापायी जीव नुसता वरखाली होत होता, पण खोटेपणा नको म्हणून मीच फोन लावला. प्रत्यक्ष ताईच बोलली. मी म्हटलं, "बाई, मी दुसरीचीच आहे, पण अडुसष्ट वर्षांची." मग ती जी हसायला लागली, थांबेचना. म्हणाली, "आजी, नियमात वय कुठंच नाही. तुम्ही याच."

तुझी,
टीव्हीवर येणारी धाकटी

ता.क. नियमात वय नाही, पण पालक सोबत हवा आणि त्याची सही हवी, नाहीतर बिल्ला नाही. मुलगा करतो म्हणाला सही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं सह्या मी केल्या, तो कसला माझा पालक? आईबाबा गेले. मला वडीलधारं असं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. बुधवारच्या गाडीनं ये.

आणखी ता.क. येताना लाल नखरंगाची एक बाटली आण. सूनबाई शोधतेय. आणि गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. दोन ठिपकेवालीसुद्धा पोचतेच.