ओकच्या पानांचे बारा डबे

११ जुलै
नात उल्का डॉक्टर होणार म्हणून सोलापुरात पेढे वाटले. इथं जर्मनीत एर्लांगेनला येऊन बघते तर अळ्यांची डॉक्टर!

ओक म्हणून झाड आहे. त्याच्या पानात, दोन पापुद्र्यांच्या मधे, अळी राहते. तिचा कणीएवढा पतंग होतो. पण दोन जातींचे पतंग दिसायला सारखेच. मग पोटाचं टोक कापून मायक्रोस्कोपखाली बघायचं. मेल्यावरही सुटका नाही.

बारा झाडांची पानं, बारा डबे. कुठल्या झाडावर कुठला पतंग, यावर उल्काची पीएचडी. सप्टेंबरअखेर लिहून द्यायचं. नाही दिलं तर स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, बंद, बिऱ्हाड परत सोलापूरला.

१६ जुलै
उल्का दोन दिवस स्टुटगार्टला. "आजी, डब्यांवर लक्ष ठेव." लक्ष ठेव म्हणजे काय करू, ते सांगितलं नाही.

पानं वाळायला लागलेली. चाळीस वर्षं विड्या वळल्या मी — वाळकं पान बघवत नाही. सगळी काढली, पाणी मारलं, लहान-मोठी निवडून जुड्या बांधल्या, ओल्या फडक्यात गुंडाळली. एक पान धड नाही! मुकादमानं तोंडावर फेकली असती. डबेही घासून ठेवले.

१८ जुलै
आली. फडकं सोडलं. जमिनीवरच बसली.

"आजी, कुठलं पान कुठल्या झाडाचं होतं?"

"सगळी ओकचीच ना?"

रडली. चहा केला. तिनं घेतला नाही, मी घेतला.

१९ जुलै
दिवसभर पानं उलटीपालटी करत बसली.

२० जुलै
शेवटी मीच म्हटलं, "विडीचं, टेंभुर्णीचं पान कुठल्या गठ्ठ्यातलं, ते मी बोटांनी सांगायची. हेही सांगते."

"आजी, प्लीज. उगाच काहीतरी."

"घे की परीक्षा!"

वीस पानांचे फोटो तिच्याकडे होते, झाडाच्या नंबरासकट. ते हातात धरून समोर बसली. मी एकेक पान चोळलं, हुंगलं, डब्यात टाकलं. विसात एकोणीस बरोबर!

"वानझिन!" म्हणाली. इकडं नवल वाटलं की असं म्हणतात. दोन दिवसांनी हसली.

उरलेली दीडशे पानं माझ्या पुढ्यात टाकून इन्स्टिट्यूटला गेली. ती यायच्या आत डबे भरून ठेवले.

९ ऑगस्ट
पतंग निघाले. सोनेरी, वर पांढरे पट्टे. शिंकलं तर उडून जातील.

सात नंबरच्या झाडाच्या डब्यात असा पतंग निघाला, की तो त्या झाडावर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिच्या प्रोफेसरबाई जाम खूश. त्यांना फडक्याचं सांगितलंस का, मी उल्काला विचारलं.

"काय सांगू? पानं आजीनं हुंगून लावली, असं लिहू?"



२७ सप्टेंबर
प्रबंध दिला. आभारात माझं नाव आहे म्हणे. जर्मनमधे. मला दाखवलं, मला काय वाचता येतंय!

३० सप्टेंबर
उद्या विमान. खरं लिहून ठेवते. माझ्या बोटांना काही कळलं नव्हतं. हात चुकीच्या डब्याकडे गेला की उल्का श्वास धरायची, बरोबर डब्यावर आला की सोडायची. दीडशे पानं लावताना समोर कुणी नव्हतं.