पाठवणीचा शॉट

नाना, तुमचा तो सिनेमा मी अखेर पाहिला. माझ्या लग्नाचा. इतकी वर्षं पाहणार नाही म्हणून हट्टाला पेटले होते, आणि काल दुपारी तुमच्या नातीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला, "आई, ही नवरी तूच ना गं?"

पाच दिवसांत एक सिनेमा काढायचात तुम्ही. एक संपला की दुसऱ्याचा नारळ फुटलेला. धुळ्यातलं आपलं स्वयंपाकघर म्हणजे मेकअपची खोली. आई कळण्याच्या भाकरी थापतेय, तिच्या पाठीशी सरपंच मिशी चिकटवतोय, मारामारीसाठी बीटाचा रस गाळून ठेवलाय, आणि मी तो सरबत समजून पाहुण्यांना वाटलाय! "मन्हं बठ्ठं रगत पी टाकं रे!" म्हणून तुम्ही डोक्याला हात लावलात. गर्दी भाड्याने आणणं तुमच्या बापजन्मात जमलं नाही. म्हणून कुणाचीही गर्दी तुमचीच: सोनगीरचा बाजार, गावातली पंगत, एखाद्याची मयतसुद्धा. लोक चेष्टा करायचे, "नाना, काढा कॅमेरा, चार माणसं जमली." मीही हसायचे. पण पोटच्या पोरीचं लग्न? हद्द झाली, नाना.

पाठवणीला आई, मावश्या ओक्साबोक्शी रडताहेत. मी गळ्यात पडायला बाप शोधतेय, आणि बाप एक डोळा मिटून कॅमेऱ्यामागे उभा. गाडीच्या दाराशी नवरीचा बाप म्हणून कोण, तर तुमचा नेहमीचा नट, फेटा बांधून! मी म्हटलं, "नाना, एकदा तरी तो खाली ठेवा ना." तुम्ही कॅमेऱ्यातून मान न काढता म्हणालात, "बेटा, हाई पुन्हा व्हनार नही." मी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसले. पाचोऱ्याला सासरी पोचेपर्यंत वऱ्हाडात बोलणं सुरू होतं, पोरगी दगडाची आहे. पुढे तुमचे फोन यायचे. "बरी शे ना?" मी "हो" म्हणायचे आणि आईला द्या म्हणायचे. तुम्ही गेलात तोवर आपलं बोलणं तेवढंच राहिलं.

आवाज तुम्ही मागाहून भरायचात, आणि नटांना परत कोण बोलावतो म्हणून निम्म्या पात्रांचे स्वतःच काढायचात. काल पडद्यावर गाडी निघाली. फेटेवाल्याचे ओठ चक्क मिटलेले, आणि वर तुमचा आवाज. पात्राचा नाही, घरातला. "बरं व्हयनं बेटा, तू रडनी नही. तू रडती, तं मन्हा हातमाधून कॅमेरा पडी जाता."

नातीला अहिराणी कळत नाही. आम्ही आता जळगावला, ती तिथल्या इंग्रजी शाळेतली. "काय म्हणतात गं ते?" "काही नाही, डायलॉग आहे." मग तिच्या हातातून मोबाईल घेऊन मी ओट्याशी गेले आणि तेवढाच तुकडा परत परत ऐकला. फार आठवण येते हो तुमची. एकदा फोन करा, नाना. मी आईला द्या म्हणणार नाही.

तुम्ही असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही समजलात, पोरीने बापासाठी रडू आवरलं. तसं नव्हतं. तुमचा शॉट वाया जावा, एवढ्यासाठीच मी रडले नव्हते.