तीन तासांवरची ताई

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (या वेळी नुसता लिहायचा म्हणून नाही, कंबर धरेपर्यंत घातलाय असं समज.) आम्ही इकडे ठीक. आईच्या पायांची सूज उतरली का? भावोजींची तब्येत कशी आहे? हे विचारायला मला तीन वर्षं उशीर झालाय, पण त्याकडे येतोच.

तू फोनवर जे जे बोललीस ते सगळं मान्य. बावीस वर्षं मी भूगोल शिकवतोय. पूर्वेचं घड्याळ पुढे, पश्चिमेचं मागे, हे ज्यांना येत नाही त्यांना बाकावर उभं करतोय. आणि आईच्या तुझ्याकडे यायच्या तिकिटावर ‘निघणार दोनला, पोचणार पाचला’ असं वाचून मी काय केलं, तर पाचातून दोन वजा केले! तुमची घड्याळं साडेपाच तास मागे आहेत हे डोक्यातच आलं नाही. वर शहाणपणा असा, की आईला म्हटलं, तीन तासांसाठी चष्मा आणि गोळ्या कशाला हातात, टाक मोठ्या बॅगेत. (मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, हे मात्र मला अगदी पक्कं माहीत होतं.) ‘म्हणजे लेक जवळच राहते की माझी!’ म्हणत आई काय खूश झाली म्हणून सांगू!

पुढचं तूच सांगितलंस. तिसरा तास भरल्यावर आई पर्स काखोटीला मारून उतरायला उभी. हवाई सुंदरीनं बसवलं, की अर्ध्या तासानं पुन्हा उभी. ‘माझा मुलगा भूगोलाचा मास्तर आहे, तो चुकायचा नाही, तुमचाच पायलट वाट चुकलाय’ हे तिनं पुढच्या-मागच्या तीन रांगांना ऐकवलं. ताई, तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं. बिनचष्म्याची, बिनगोळीची बाई माझी बाजू घेऊन भांडत गेली. वर्गातल्या नकाशाकडे बघायचीसुद्धा लाज वाटते.

आता ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्या तोंडून निरोप आला, ‘चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी साडेआठ तास गेले, त्याला पन्नाशीत जमेना.’ खरं आहे. विमानतळावर जातानाच तिनं विचारलं होतं, ‘तीनच तास, तर तीन वर्षांपूर्वी जावयाच्या ऑपरेशनला का नाही रे गेलास?’ मी खिडकीबाहेर बघत बसलो. ‘एवढ्या लांब कसं येणार’ असं मी तुला अकरा वर्षं कळवतोय. लांबचं काही नव्हतं ताई, निव्वळ अंगचोरपणा होता.

तुझा नालायक धाकटा

ता. क. चूक मला आई निघायच्या आदल्या दिवशीच कळली होती. सात हजार किलोमीटरला तीननं भागून बायको म्हणाली, ‘हे विमान आहे की बंदुकीची गोळी?’ पण आई शेजारणीला सांगत होती, लेक तीन तासांवर आहे. मला तोंड उघडवेना.

ता. क. दुसरा. मी न्यायला आलो तरच परत येईन, असं ती म्हणते ना? तिकीट काढलंय, येत्या शनिवारी सकाळी दहाला निघतो. भावोजींसमोर उभा राहीन तेव्हा जवळ थांब, एवढीच विनंती. आणि मी किती वाजता पोचेन ते त्यांनाच काढायला सांग, माझ्यावर विसंबू नकोस.