सोफा मागून बघावा

तीर्थस्वरूप नाथादादांच्या पायांवर धनाजीचं डोकं. वैनींनाही नमस्कार.

इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. पिंपरीत तुमच्या साईराजच्या फ्लॅटवर तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. लिफ्ट बंद पडली की फौजेतल्या हिशेबानं जिने चढायला जाऊ नका, त्याला आता वर्षं झाली. तुमच्या घराची किल्ली आमच्याच खुंटीला आहे. तुळशीला रोज पाणी घालतो (म्हणजे अंजना घालते, मी घातलं का विचारतो). घरातल्या कुठल्याच वस्तूची काळजी करू नका. उलट काही वस्तूंची तर नेहमीपेक्षा जास्तच काळजी घेतली जातेय. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, वैनी मध्येच भाजीचा भाव विचारतात, आणि मागच्या खेपेला दोन वाक्यांत विषय बांधावर गेला आणि तुम्ही फोन ठेवलात. म्हणून पत्र. बांधाचा विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाही.

विषय शंभूराजच्या लग्नाचा आहे. तुमच्या पुतण्याला तिसावं सरलं. ऊस आहे, ठिबक आहे, दोन म्हशी आहेत, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. पण हल्ली मुलीचे आईबाप शेत बघतच नाहीत. शेतात उभं राहून विचारतात, पुण्यात फ्लॅट कुठं आहे? मागच्या ठिकाणाहून नकार आला तेव्हा पोरगं गोठ्यातच बसून राहायला लागलं. जेवायला हाक मारली की 'म्हशीला पाणी दाखवून येतो' म्हणायचं. म्हशी पाणी पिऊन पिऊन कंटाळल्या. दादा, मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. अशात म्हसवडच्या हरिबाअण्णांची क्रांती सांगून आली. वाईला शाळेवर शिकवते. दोघं भेटली, बोलली, आणि आमचं पोरगं जेवताना एकटंच हसायला लागलं. आता एकच राहिलं होतं, मुलीकडच्यांनी आमचं घर बघायला यायचं.

आणि आमचं घर तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या खोलीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या (एकीचा पाय तारेनं शिवलेला), लोखंडी कॉट आणि कॉटवर युरियाचं पोतं. अंजनानं सांगून टाकलं की एका उसाच्या बिलात बसेल असा अस्सल लाकडाचा सोफा आणा, नाहीतर मी सरळ सतरंजी अंथरते. मी म्हणालो, सोफा आणीन. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला माझा. ट्रॅक्टर लांबून येताना बघून आत पाचट किती आणि ऊस किती ते ओळखणारा माणूस मी, मला कोण फसवतोय?

पहिल्यांदा सांगलीला गेलो. दगडाबाईआत्या बरोबर आल्या, कारण लाकूड वाजवून बघायला त्यांच्यासारखं दुसरं कुणी नाही असं त्यांचं स्वतःचं मत आहे. शोरूममध्ये गार हवा, आणि टाय लावलेला एक पोरगा आमच्या मागं मागं. तिथं सोफ्याला सोफा म्हणत नाहीत, कलेक्शन म्हणतात. किंमत विचारली की हप्ता सांगतात. मी चार वेळा किंमत विचारली, त्यानं चार वेगवेगळे हप्ते सांगितले. शेवटी मी डोक्यात गुणाकार केला तेव्हा त्या पैशांत तिसरी म्हैस येत होती. तोवर आत्या दिसेनात. शोधलं तर मांडून ठेवलेल्या एका पलंगावर चपला काढून झोपलेल्या. उठवल्यावर म्हणाल्या, पलंग बरा हाय, पण घ्यायचा न्हाई.

मग साताऱ्याला गेलो. मैदानावर मंडप, वर फलक: भव्य लाकडी फर्निचर प्रदर्शन, शेवटचे दोन दिवस. (फलक उन्हानं पांढरा पडला होता. शेजारचा चहावाला म्हणाला, थंडीपासून शेवटचेच दोन दिवस चाललेत.) आत सगळं शिसवी. खुर्ची शिसवी, झोपाळा शिसवी, हत्तीसुद्धा शिसवी. विक्रेता शिसवाच्या झाडाचं इतकं कौतुक करत होता की मला वाटलं झाडच घेऊन जावं. आत्यांनी पदराचं टोक पाण्यात भिजवून सोफ्याच्या पाठीवर घासलं. पदर तपकिरी झाला आणि सोफा पांढरट. तो म्हणाला, हे पॉलिश नवीन आहे. आत्या म्हणाल्या, माझं लुगडं पन नवीन हाय, त्याचं काय करतोस सांग. मंडपातली माणसं जमली. आम्ही निघालो.

या सगळ्या फिरण्यात मी मात्र पक्का तयार झालो. दादा, तुम्हालाही सांगून ठेवतो. सोफा पुढून कधी बघू नये. पुढं पॉलिश असतं, गाद्या असतात, विक्रेत्याचं हसू असतं. मागून बघावा, खालून बघावा. जिथं गिऱ्हाईक बघत नाही तिथं लबाडी लपते. ही विद्या मी त्या दिवसांत पारावर, कारखान्यात, दाढीच्या दुकानात, जिथं माणूस सापडेल तिथं वाटली. पुढं ती मला केवढ्याला पडली ते येईलच.

शेवटी कुणीतरी सांगितलं, कुपवाडला एका शेडमध्ये फॅक्टरी रेटनं मिळतं, मधला दलाल नाही. गेलो. सोफा मागून बघितला, खालून बघितला, सगळीकडं लाकडाच्या रेषा. मग मी सोफ्याची खरी परीक्षा घेतली. एक बाजू धरून उचलायला गेलो, हलेना! टेम्पोवाला धुळा आणि शंभूराज लागले तेव्हा जरा सरकला. मी म्हटलं, वजन आहे म्हणजे माल आहे. काट्यावर हाच हिशेब. बिलाचे सगळे पैसे मोजले आणि आणला. गल्लीत चौघांना उचलायला बोलावलं, ते सगळे कण्हत होते आणि मी खूश होत होतो.

मग आत्यांनी चूळ भरायचा तांब्या सोफ्याच्या हातावर ठेवला. तांब्या ओला होता, एवढंच. सकाळी हात पुरीसारखा फुगला होता. मी दाबून बसवायला गेलो तर वरची लाकडाच्या रेषांची पातळ साल निघाली आणि आतून भुसा. दादा, नुसता भुसा! दाबून, डिंकानं चिकटवलेला. आता कळलं की दाबलेला भुसा सागापेक्षा वजनदार भरतो. काट्यावर जन्म काढलेल्या माणसाला वजनानंच गंडवलं. शेडवाल्याला फोन केला तर म्हणाला, काका, पाण्यापासून लांब ठेवायचं असतं. मी म्हणालो, अरे माणसांच्या घरात सोफा आहे, वाळवंटात नाही. त्यानं फोन ठेवला. (हल्ली सगळे माझा फोनच ठेवतात.)

पैसे संपले, सोफा फुगला, आणि पाहुणे रविवारी येणार. अंजना रागावून बोलेल असं वाटलं होतं, पण ती सांडलेला भुसा केरसुणीनं गोळा करत राहिली, आणि ते जास्त लागलं. मग हळूच म्हणाली, बांधावरची बाभूळ पाडली असती तर घरच्या लाकडात घरचा सोफा झाला असता. मी म्हणालो, त्या बाभळीचं नाव काढू नकोस, ती निम्मी दादाची आहे की सगळी माझी आहे हे ठरलेलं नाही. शंभूराज उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला.

पण देवाची कृपा म्हणा. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत अस्सल सागवानी सोफा होता. कसा आला ते मागाहून. हरिबाअण्णा आले, त्यांच्या मंडळी आल्या, क्रांतीही आली. अण्णा सोफ्यावर टेकले, हातावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, असा माल आता न्हाई मिळत. पोहे झाले, चहा झाला, पोरगी अंजनाबरोबर गोठाही बघून आली. आणि दादा, पसंती आली! अक्षय्य तृतीयेला सुपारी फोडायचं ठरलं. तुमचा आणि वैनींचा आशीर्वाद असू द्या. साईराजला सांगा, गाडी सावकाश चालवत जा.

आपला,
धनाजी

ता. क. सोफा तुमचा आहे. तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही रिटायर झाल्यावर हौसेनं करून घेतलेला, ज्यावर तुम्ही पाहुण्यांनाही चादर टाकल्याशिवाय बसू देत नाही, तोच. फुगलेला आमचा आता गोठ्याबाहेर आहे, त्यावर आत्या मिरच्या वाळवतात. तुमचा रस्त्यानं आणला असता तर गावानं बघितला असता, म्हणून परड्यातून, आपण वाटणीनंतर मध्ये घातलेल्या भिंतीवरून घेतला. सोफा रुंद आणि आम्ही म्हातारे, त्यामुळं भिंतीच्या काही विटा काढाव्या लागल्या. काही म्हणजे बऱ्याच. अजून लावल्या नाहीत. सोफा परत न्यायला वाट लागणारच, उगाच दोनदा काम कशाला?

ता. क. २. आता खरं ते सांगतो, वरचं जरा गाळून लिहिलं होतं. अण्णांनी 'असा माल न्हाई मिळत' म्हटलं आणि माझी छाती फुगली. मी म्हणालो, पाव्हणं, सोफा पुढून बघायचाच नसतो, मागून बघायचा असतो. त्यांना उठवलं. शंभूराजला म्हटलं, धर रं एक बाजू. पोरगं डोळ्यांनी नाही नाही म्हणत होतं, पण मला तेव्हा कोण अडवणार? दोघांनी मिळून सोफा भिंतीपासून ओढला आणि फिरवला. मागं तुमच्या हातची पांढरी ठसठशीत अक्षरं: नंबर, हुद्दा आणि 'सुभेदार नाथाजी ज्ञानू शेडगे'. दादा, तुम्ही बादलीवर नाव घालता, शिडीवर घालता, टिकावावर घालता, म्हशीवर घालायला निघाला होता तेव्हा वैनी आडव्या आल्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी मीच, माझ्या हातानं!

अण्णांनी मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, ह्यो सुभेदार कोन? मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या, आरं ह्याचा थोरला भाऊ. सोफा त्याचाच हाय, भितीवरनं उचलून आनला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शंभूराज पायाच्या अंगठ्याकडं बघत होता, आणि मला नुसतं दिसत होतं की हे पोरगं आता परत गोठ्यात जाऊन बसणार, ते माझ्या तोंडाळपणामुळं. दादा, खरं सांगतो, त्या क्षणी तुमची लय आठवण आली. तुम्ही असता तर माझ्या पाठीत एक घातली असती आणि पुढचं सगळं सावरून घेतलं असतं.

अण्णांनी विचारलं, थोरल्यांस्नी ठावं हाय? मी म्हणालो, न्हाई. मग त्यांच्या घराची किल्ली तुमच्याकडं कशी? मी म्हणालो, आमच्याकडंच असते. ते उठले, परड्यात गेले, पाडलेली भिंत बघितली, तुमची तुळस बघितली. परत येऊन तुमच्या सोफ्यावर बसले आणि म्हणाले, माझ्या सख्ख्या भावानं घराला माझ्यासाठीच कुलूप लावलंया. जितं थोरला धाकट्याकडं किल्ली टाकून जातो तितं पोरगी द्यायला माझी ना न्हाई. पण सुपारी सुभेदारांनीच फोडायची. ते न्हाईत तर सुपारी न्हाई. क्रांती शंभूराजकडं बघून हसली, आणि पोरगं अंगठ्यावरून वर बघायला लागलं. मी लगेच कबूल केलं, येणार म्हणजे येणारच, आमच्या दोघांत काय आहे? बांधाचं मी काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. बाभळीचं तुम्ही म्हणाल ते, निम्मी म्हणा नाहीतर सगळी म्हणा. तिच्यात लग्नाचा पलंग होईल एवढं लाकूड आहे.

तेव्हा याच. वैनींना घेऊन, आधी दोन दिवस या. गुडघा दुखत असेल तर शंभूराज गाडी घेऊन न्यायला येईल.

ता. क. ३. पाहुणे सुपारीला आले की सोफा परत मागून बघणार, हे आत्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. त्या म्हणाल्या, नाव खरवडून टाक. मी पॉलिशपेपर आणलाही, पण हात होईना. मग चौकातल्या पेंटरला बोलावलं आणि तुमच्या नावाखाली माझं नाव घालायला सांगितलं. त्यानं विचारलं, वर सुभेदार आहे, खाली नावाआधी काय घालू? मी बराच वेळ विचार केला. काट्यावरचा क्लार्क काही शोभेना. मग म्हणालो, धाकटा घाल.

रंग आता पक्का वाळलाय. पुसायचा असेल तर इथं येऊन पुसा.