न चाखलेलं सूप

अन्कोपाम्पा,
६ जून १९७१

ती. ग्रिसेल्दाताईस,

शि. सा. न. वि. वि. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. कितपत खुशाल, ते पुढचं वाचून तूच ठरव.

येतानाच घाटमाथ्यावर आमच्या बसच्या रेडिएटरमधलं पाणी आटलं. ड्रायव्हरने सगळ्यांकडे पाणी मागितलं, पण त्या थंडीत पाणी कोण बरोबर घेतो? शेवटी एका बाईच्या घागरीतली मक्याची चिचा ओतली. मग काय विचारतेस, बस जी सुटली ती थेट गावात येऊन थांबली. सगळ्या बसला दारूच्या गुत्त्याचा वास येत होता आणि माझ्या मांडीवर कुणाचीतरी मेंढी होती. ती कुणाची, ते उतरेपर्यंत कळलं नाही.

इथे घरोघरी बायका शिवणयंत्रावर भरतकाम करतात, त्यामुळे मला कामाला तोटा नाही. तोटा पोटाला आहे. ज्या घरचं यंत्र दुरुस्त करावं त्या घरचं सूप प्यायचं, अशी इथली पद्धत. मी पहिल्या सकाळी चार यंत्रं केली. चारही वाडग्यांत तेच गोठवून वाळवलेले काळे बटाटे, आणि चारही बायकांनी विचारलं की शेजारणीपेक्षा बरं झालंय ना. मी चौघींनाही हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत त्या चौघी पाणवठ्यावर भेटल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वाडग्यातलं मांस गायब झालं.

आता खरी गोष्ट. परवा मेल्चोरदादा म्हणून इथले जत्रेचे मानकरी आले. मागे चार बायका, हातात ताटाएवढा नक्षीदार पाव आणि बडीशेपेच्या दारूचा पेला. आदल्याच दिवशी मी त्यांच्या बायकोचं यंत्र नीट केलं होतं, म्हणून मला वाटलं, आभार मानायला आले. मी दोन्ही हातांनी पाव घेतला, पेला रिकामा केला. मग आईने लावलेलं वळण आठवलं. आपल्याकडे कुणी काही दिलं आणि आपण वरचं थोडं, म्हणजे यापा, मागितलं नाही तर देणाऱ्याला वाटतं, आवडलं नाही. म्हणून मी हसून यापा मागितला. मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग मेल्चोरदादांनी मला मिठी मारली, दुसरा पाव दिला, कुणीतरी तुतारी फुंकली. मला वाटलं, अशी रीतभात या गावाने कधी पाहिलीच नसेल.

नंतर मी जिच्याकडे उतरलोय त्या विसेंतिनाबाईने कपाळाला हात लावून सांगितलं. तो पाव म्हणजे जत्रेचं आवतण नाही, जत्रेचा वाटा आहे. पाव हातात घेतला की शब्द दिला. सोळा जुलैला कार्मेनमातेची जत्रा. पहिल्या पावात मी अख्ख्या गावाला सूप रांधून घालायचं कबूल केलंय, आणि दुसऱ्या पावात बँडवाल्यांची न्याहारी. दुसरा पाव आजवर कुणी आपण होऊन मागितला नव्हता म्हणे. मेंढ्या, बटाटे, सरपण सगळं गाव देतं; रांधणारे हात तेवढे माझे. आणि माझे हात तुला माहीत आहेत, मी अंडं उकडायला ठेवलं तरी ते करपतं.

शब्द मोडून पळालो तर या खोऱ्यात मला कुणी मोडकी सुईसुद्धा दाखवणार नाही. माझं पोट याच खोऱ्यावर आहे. ताई, तू ये. नाही म्हणू नकोस.

तुझा लोभ मला नेहमीच पुरला आहे, या वेळी यापाही हवाय.

तुझा,
एवारिस्तो


आरेकिपा,
१४ जून १९७१

चि. एवारिस्तोस,

अ. उ. आ. अकलेसाठी वेगळा आशीर्वाद या पत्रासोबत पाठवते आहे, तो आधी घे.

तुझं पत्र मी आपल्या खानावळीत जेवायला येणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवलं. खिडकीजवळच्या टेबलावरचे कासिमिरोकाका इतके हसले की त्यांच्या नाकातून चिचा आली. तारखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, की हा आरेकिपाच्या अब्रूचा प्रश्न आहे, आणि सूप बिघडलं तर एवारिस्तोला परत शहरात घेऊ नये. शिंपीणबाई दोघी बहिणी म्हणाल्या, घ्यावं, पण मेंढी बरोबर आणली तरच.

तर ऐक. मला यायला जमायचं नाही. माझे गुडघे दुखतात. तिथल्या उंचीवर मला भोवळ येईल. खानावळ कुणावर टाकू? शिवाय मी आपल्या मिस्ती डोंगराच्या पलीकडे जन्मात गेले नाही.

एवढं लिहून पत्र बंद केलं होतं. परत उघडलं. ही सगळी कारणं खोटी आहेत, आणि तुला फसवायला माझं मन घेत नाही.

ईस्टरला मला ताप आला होता ना, तो गेला आणि जाताना माझी चव घेऊन गेला. वासही. मिरची जिभेला झोंबते, पण झोंबते एवढंच. मीठ काय नि साखर काय, तोंडात सगळं सारखं. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल, नाहीतर नाही येणार. मी कुणाला सांगितलेलं नाही. सोमवारचं सूप, मंगळवारचं सूप, शुक्रवारचं कोळंबीचं, सगळं हाताच्या सवयीवर चाललंय. पाट्यावर मिरची वाटताना पूर्वी वासावरून कळायचं, पुरे झालं. आता नुसती वाटत राहते. मिठाची तर इतकी धास्ती बसलीय की डब्यातून घेतलेली चिमूट अर्धी परत टाकते.

आतापर्यंत कुणी काही बोललेलं नाही. वाडगे रिकामे होतात. पण एक ना एक दिवस कुणीतरी पहिल्याच घासाला थांबेल आणि माझ्याकडे बघेल. ते मला बघवणार नाही रे. आईचं नाव आहे दारावर. ही सगळी माणसं उठून पुलापलीकडच्या नव्या खानावळीत जातील, त्याआधी आपण होऊन बंद करावी, असं मी ठरवलंय. ऑगस्टमधला शहराचा सण झाला की सायकल दुरुस्तीवाल्याला जागा द्यायची. तो दोनदा विचारून गेलाय.

ज्यांचं माझ्याशी काही नातं नाही, त्या परक्या गावासमोर मला उभं करू नकोस. मोठ्या पातेल्यातल्या सुपाची कृती मागे लिहिली आहे. ती विसेंतिनाबाईंना वाचून दाखव, आणि तू चुलीपासून लांब राहा.

बहिणीवरची माया कमी करू नकोस, सध्या ती लागेल.

तुझी,
ग्रिसेल्दा


अन्कोपाम्पा,
२३ जून १९७१

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र देवळाच्या पायरीवर बसून वाचलं आणि मला रडू आलं. लपवून काय करू? दोन बायका थांबल्या, आणि घरी कुणी गेलं का म्हणून विचारू लागल्या. मी म्हणालो, गेलं नाही, पण जाता जाता राहिलं. मग मला तुझा राग आला. ईस्टरपासून एकटी हे ओझं घेऊन चुलीपुढे उभी आहेस, आणि मला आधीच्या पत्रांत लिहीत होतीस काय, तर कोंबडी अंड्यावर बसली.

मी विसेंतिनाबाईला तुझं नाव न घेता विचारलं, की रांधणाऱ्या बाईला चाखता येत नसेल तर जत्रेचं सूप कसं करायचं. तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी विचारतोय की यंत्रात दोरा घालायचा असतो का. म्हणाली, चाखायचं असतंच कुठे? कार्मेनमातेचं ताट पुढे ठेवल्याशिवाय इथे कुणी चमचा ओठाला लावत नाही. मागे एका मानकऱ्याच्या सासूने चोरून चाखलं, तर तिला पातेल्याजवळून उठवलं आणि अजून उठवलेलंच आहे. म्हणजे बघ, तुझ्याइतकी लायक रांधणारी या गावाला मिळालीच नसती. तू चाखणार नाहीस याची खात्री मी लिहून देतो.

चेष्टा बाजूला. ताई, मला तुझी गरज आहे, आणि ती सुपासाठी नाही. तू इथे ये, एवढंच. खानावळ बंद करायची तर कर, पण आधी हे कर.

इकडची एक फजिती सांगतो, तेवढंच तुझं मन रमेल. रविवारी मेल्चोरदादांकडे जेवायला होतो. भाजलेला कुय, म्हणजे इथे घरोघरी पाळतात तो गिनीपिग, अख्खा, दातांसकट, माझ्याकडे बघत ताटात आडवा. पाहुण्याचा मान म्हणून डोकं मला. मी धीर करून चावलो आणि माझा पुढचा सोन्याचा दात निखळला. सगळं घर पंगतीतून उठून बटाटे चिवडू लागलं. कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं. तेवढ्यात मेल्चोरदादांची म्हातारी आई तक्रार करू लागली, की मघापासून एक हाड चघळतेय, मऊच होत नाही. दात तिच्याच तोंडात. मांडलेल्या ताटांच्या गर्दीत तो माझ्या तोंडातून तिच्या ताटात कधी पडला देव जाणे. तिने तो काढून दिला, पण नाखुशीने.

बसमध्ये उजवीकडे बस, डावीकडे दरी दिसते. उंचीवर भोवळ येऊ नये म्हणून कोकाच्या पानांचा चहा घेऊन निघ, आणि कुणी मेंढी धरायला दिली तर सरळ नाही म्हण.

माझा लोभ आहेच. तो धडधाकट आहे, त्याला ताप येत नाही.

तुझा,
एवारिस्तो


आरेकिपा,
२७ जुलै १९७१

चि. एवारिस्तोस,

अ. उ. आ. पुढच्या गावी नीट पोचलास हे कळलं, जीव भांड्यात पडला. तुझं डोकं आता जागेवर आलं असेल, म्हणून जत्रेत काय झालं ते सांगते. तू तिथे होतास खरा, पण न्याहारी घालणारा म्हणून बँडवाल्यांनी तुला दर गाण्याला एक पेला पाजला, आणि सूप वाढायच्या वेळी तू मोठ्या ढोलाला टेकून घोरत होतास. ढोल वाजला तरी उठला नाहीस. इतके दिवस म्हटलं, लाजेल बिचारा.

तुझ्या हट्टापायी आले खरी, पण माझी तर पाचावर धारण बसली होती. पातेली केवढी, त्यात मी बसले असते तरी मावले असते. मेंढीचं मटण, गहू, ते तुझे काळे बटाटे. मीठ घालताना हात इतका आखडला की विसेंतिनाबाई म्हणाली, मोजून घालताय की मनातल्या मनात नवस बोलताय. मातेचं ताट गेलं. मग पहिला वाडगा तुझा दात चघळणाऱ्या त्या म्हातारीला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, की हे अळणी आहे. कार्मेनमाता सोसणारी असेल, आपण नाही.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. इतके महिने ज्याला भ्यायले ते भर जत्रेत, परक्या गावात माझ्यासमोर उभं राहिलं. आणि तुला सांगते, कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. एक बाई आत गेली, फडक्यात बांधलेला मिठाचा मोठा दगड घेऊन आली. तो दगड हातोहात फिरला. ज्याने त्याने सुरीने खरवडून आपापल्या वाडग्यात मीठ घातलं, आणि मग दुसऱ्यांदा वाढून घ्यायला रांग लावली. दरवर्षी असंच होतं म्हणे, कधी अळणी, कधी खारट. एका वर्षी तर कुणीतरी साखर घातली होती, त्या वर्षी बटाटे फार चांगले आले.

मग म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली आणि विचारलं, की एवढ्या मोठ्या शहरातली रांधणारी बाई मिठाला का भिते. कसं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जीभ गेली तर गेली, विचारायला तोंड आहे ना. एवढं बोलून तिने वाडगा पुढे केला, अजून हवं होतं.

परत येताना बसमध्ये तेच डोक्यात. सोमवारी दुपारी सगळ्यांना वाढलं आणि धीर सुटायच्या आत एप्रनला हात पुसत मधोमध उभी राहिले. म्हटलं, ईस्टरपासून मला चव कळत नाही. तुम्ही जे खाताय ते मी अंदाजाने रांधतेय. ज्यांना पुलापलीकडे जायचं असेल त्यांनी जावं, माझा राग नाही.

कासिमिरोकाकांनी चमचा खाली ठेवला, कोटाच्या खिशात हात घातला आणि एक कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. मीठ होतं. मग शिंपीणबाईंनी आपल्या बटव्यातून एक पुडी काढली. शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्याने टोपीतून काढली. एवारिस्तो, सगळ्यांकडे पुड्या होत्या रे. मी चुलीकडे वळले की सगळे भराभर भुरभुरवायचे आणि मी वळून पाहिलं की जेवायला लागायचे. आपापसात त्यांचं ठरलं होतं, की ग्रिसेल्दाला कळू द्यायचं नाही, कळलं तर ती खानावळ बंद करेल.

मी त्यांना खूप बोलले. इतके महिने तोंडाला कुलूप लावून बसलात, लाज नाही वाटली, असं सगळं. मग पाट्याजवळ बसून पोटभर रडले. ते बिचारे रडणं संपेपर्यंत जेवत राहिले, कारण सूप निवत होतं.

आता रोज कासिमिरोकाका सगळ्यांच्या आधी येतात आणि चाखून सांगतात. एका चमच्यात त्यांना अंदाज येत नाही म्हणे, पूर्ण वाडगा लागतो, वर यापा. सायकलवाल्याला जागा नाही म्हणून कळवलं. आईच्या नावाची पाटी पुसून लख्ख केली आहे. चव आली तर येईल. आता मी तिची वाट बघत दारात बसणार नाही.

उरलेली यंत्रं संपव आणि घरी ये. लोभ असाच ठेव, आणि कधी कमी पडला तर तोंडावर सांग.

तुझी,
ग्रिसेल्दा